शनिवारचे स्टेडियम, रविवारची उपासना: यंदा सीझन तिकिटे घ्यावीत का?

शनिवारकर (प्रश्न):
अमेरिकेच्या दक्षिणेकडील एका राज्यात मी चोवीस वर्षे राहतो आहे आणि त्यांपैकी एकोणीस वर्षे येथील विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल (चेंडू हातात घेऊन खेळायचा खेळ) संघाची सीझन तिकिटे, म्हणजे पूर्ण हंगामाची तिकिटे, आमच्या घरात आहेत. मी जन्माने ख्रिस्ती आहे, आणि मनानेही आहे असे समजत होतो. मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे कारभार पाहणारा ‘एल्डर’, म्हणून सेवा करतो. गेल्या हंगामात एका शनिवारी रात्री, अगदी शेवटच्या मिनिटाला, आमच्या एका खेळाडूच्या हातून चेंडू सुटला आणि आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी उपासनेत प्रभुभोजनाचा (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीचा) प्याला हातात आला तेव्हा मी त्या विशीतल्या मुलाला मनातल्या मनात शिव्या देत होतो. ते लक्षात आल्यावर प्याला ओठांना न लावताच मी पुढे दिला. उपासनेनंतर आवारात उभे राहून आमचे चार-पाच बंधू त्याच मुलाविषयी जे बोलत होते, ते माझ्या मनातल्याहून वेगळे नव्हते. ते फक्त मोठ्याने बोलत होते.

तेव्हापासून पूर्वी न खटकलेल्या गोष्टी खटकू लागल्या आहेत. आमच्याकडे लग्नाची तारीख ठरवण्याआधी संघाचे वेळापत्रक पाहतात, आणि रात्रीचा सामना लांबला की सकाळी बाके रिकामी राहतात, याचे कोणालाच काही वाटत नाही. शिवाय तिकिटाच्या किमतीखेरीज ती जागा राखण्यासाठी क्रीडानिधीला दरवर्षी ‘देणगी’ द्यावी लागते. परवा हिशेब मांडला, तेव्हा ही देणगी आम्ही मंडळीला दिलेल्या वर्षभराच्या दानाच्या निम्म्याहून अधिक निघाली. पुढच्या महिन्यात ती भरण्याची मुदत आहे. खेळच पाप आहे असे मी मानत नाही, त्यामुळे तसे उत्तर नको. मन ताळ्यावर ठेवून ही तिकिटे ठेवता येतात का, की तसे म्हणणे हीच माझी पळवाट आहे?

किनाऱ्यावरची:
आपण सगळा दोष स्वतःच्या मनावर घेत आहात, तो मला थोडा अपुरा वाटतो. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांवरून नोव्हेंबर २०११ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाचे माजी साहाय्यक प्रशिक्षक जेरी सँडस्की यांना अटक झाली आणि पुढच्या जूनमध्ये ते ४५ आरोपांत दोषी ठरले. अटकेनंतर काही दिवसांतच विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षक जो पटर्नो यांना पदावरून दूर केले, त्या रात्री विद्यार्थ्यांचा मोठा जमाव रस्त्यावर उतरला आणि त्याने एका वृत्तवाहिनीची गाडी उलथवली. हा संताप प्रशिक्षकाची खुर्ची गेली म्हणून होता. पीडित मुलांचा विचार त्यात कुठे होता, ते मला अजून सापडलेले नाही.

हे सरकारी विद्यापीठ होते, म्हणून आपण ख्रिस्ती लोक त्यातून अंग काढून घेऊ शकतो. बेलर तर बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेचे विद्यापीठ आहे. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी, त्यांत फुटबॉल खेळाडूंविरुद्धच्याही, नीट हाताळल्या गेल्या नाहीत असा चौकशीचा निष्कर्ष आल्यावर २०१६ मध्ये तेथील मुख्य प्रशिक्षकांना आणि अध्यक्षांनाही पद सोडावे लागले. संघ जिंकत असताना कोणी प्रश्न विचारत नाही, आणि मैदानावर प्रार्थना होत असली की ते विचारणे अधिकच अवघड होते. (ऑबर्न विद्यापीठाजवळील टूमर्स कॉर्नर या चौकातल्या ओक वृक्षांना २०१० च्या सामन्यानंतर प्रतिस्पर्धी अलाबामा विद्यापीठाच्या एका चाहत्याने विष घातले आणि ते २०१३ मध्ये तोडावे लागले. त्या झाडांनी तर चेंडूलाही हात लावला नव्हता.)

धाकट्या संघाचा बाप:
माझा मुलगा महाविद्यालयीन खेळांच्या तिसऱ्या, सर्वांत धाकट्या विभागातील एका छोट्या महाविद्यालयात खेळतो, म्हणून थोडे वेगळे सांगतो. आमच्या मंडळीत हल्ली एकच तक्रार ऐकू येते की खेळाडूंना पैसे मिळू लागले आणि खेळाचे पावित्र्य गेले. मला ही तक्रार ढोंगी वाटते. स्वतःच्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा खेळाडूंना जुलै २०२१ मध्ये मिळाली. विद्यापीठांनी त्यांना थेट वाटा देणे तर २०२५ मध्ये सुरू झाले. त्याआधी पैसा नव्हता असे थोडेच आहे? टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढले, तेव्हा करारानुसार त्यांचे साडेसात कोटी डॉलरांहून अधिक देणे लागत होते. पैसा प्रशिक्षकांकडे जात होता तोवर आपल्याला त्यात मूर्तिपूजा दिसली नाही.

मला खरी चिंता आहे ती शरीराची. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दान मिळालेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाविद्यालयीन स्तरापर्यंत खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांच्या मेंदूत वारंवार आघातांशी जोडलेला सीटीई हा आजार आढळला. लक्षणे दिसलेल्यांचेच मेंदू अधिक दान होत असणार, त्यामुळे हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येत नाही, हे मलाही कळते. तरी दर शनिवारी मुलगा जमिनीवरून उठेपर्यंत मी श्वास रोखून बसतो. त्याला क्रीडा-शिष्यवृत्ती नाही, कारण या विभागात ती देतच नाहीत, आणि प्रेक्षक मोजकेच असतात. तो खेळतो, कारण त्याला खेळायचे आहे. आपण एकदा असा सामना पाहावा. चेंडू सुटतो, लोक हळहळतात आणि घरी जातात.

तळटीपकार:
एक जुनी गोष्ट. एमस अलोन्झो स्टॅग यांनी येल येथे धर्मशिक्षण घेतले, पण उपदेशकाचे काम आपल्याला जमणार नाही असे वाटून त्यांनी प्रशिक्षकपद निवडले आणि १८९२ पासून शिकागो विद्यापीठाचा संघ चार दशके घडवला. त्याच विद्यापीठाने १९३९ मध्ये मोठ्या स्तरावरचे फुटबॉल बंद केले. विद्यापीठ काही बुडाले नाही. १९६९ मध्ये फुटबॉल परतले आणि आज तेथील संघ त्याच तिसऱ्या विभागात खेळतो.

शनिवारकर:
सर्वांचे आभार. खेळाडूंच्या पैशांविषयीची तक्रार आवारात मीही केली होती, त्यामुळे ते वाक्य दोनदा वाचले. पत्नीशी बोलून ठरवले आहे की क्रीडानिधीची रक्कम यंदा भरायची नाही. जागा जातील, आणि एकोणीस वर्षांच्या शेजाऱ्यांना ते सांगणे मला देणगीपेक्षा जड जाणार आहे. त्या मुलाला पत्र लिहावे असेही मनात होते, पण ज्या शिव्या त्याने ऐकल्याच नाहीत त्यांची क्षमा त्याच्याकडे मागून त्याच्यावर नवे ओझे टाकण्यात अर्थ नाही, असे पत्नीचे म्हणणे पडले. ती बहुधा बरोबर आहे. छोट्या महाविद्यालयाचे वेळापत्रक मात्र काढून ठेवले आहे. पहिला सामना दुपारी एकला आहे.