उत्तर: ऑफिसचा फोन (शुक्रवारपर्यंत सांगायचंय)

प्रेषक: माजी खजिनदार, बाणेर

मंडळी नमस्कार,
पटकन सांगा. ब्रिटनहून पुण्याला परतले, हिंजवडीच्या ऑफिसात रुजू झाले, लॅपटॉप मिळाला. फोनसाठी आयटीवाल्यांनी तीनच नावं पाठवली आहेत: आयफोन 16ई, गॅलेक्सी ए56, पिक्सेल 9ए. यातलाच घ्यायचा. स्वतःच्या फोनवर ऑफिसची मेल टाकू देत नाहीत. कॅमेऱ्याचं मला काही नाही, घोडं अडलंय सिमवर. ऑफिस एक नंबर देणार, माझा इथला नंबर आहेच (यूपीआय त्यावर), आणि तिकडचा, ब्रिटनचा नंबर. तो बंद का करता येत नाही ते मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पर्समध्ये दोन-दोन फोन घेऊन फिरायची माझी अजिबात तयारी नाही.

प्रेषक: नाटकवाला

आयफोन. डोळे मिटून. कंपनी फुकट देतेय तर विचार कसला करता? मागच्या एकांकिकेचं सगळं शूटिंग आयफोनवर झालंय, बघितलंत ना?

प्रेषक: कोथरूडकर

डोळे उघडून वाचा. त्यांना शूटिंग करायचं नाहीये.

ताई, तिन्ही फोनमध्ये एका वेळी दोनच नंबर चालू राहतात. ए56 मध्ये दोन साधी सिम बसतात, आयफोन आणि पिक्सेलमध्ये एक साधं आणि एक ई-सिम (कार्ड नसलेलं, फोनमध्येच साठवलेलं सिम). आयफोनमध्ये ई-सिम आठ साठवलीत तरी वाजणार दोनच. म्हणजे तीन नंबर यातल्या कुठल्याच फोनमध्ये मावत नाहीत. फोन कोणता हे नंतर, आधी कोणता नंबर बाहेर काढता ते ठरवा.

दुसरं, आयटीला आजच विचारा की अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल देणार की अख्खा फोन त्यांच्या ताब्यात. वर्क प्रोफाइल असेल तर ऑफिसची ॲप वेगळ्या कप्प्यात जातात, त्यांच्यावर ब्रीफकेसचं बारीक चिन्ह दिसतं आणि संध्याकाळी तो कप्पा एका बटणात बंद करता येतो. खासगी बाजूचे फोटो, मेसेज कंपनीला दिसत नाहीत. आयफोनवर असा उघड वेगळा कप्पा नसतो, ऑफिसची ॲप तुमच्याच ॲपच्या रांगेत बसतात. मात्र फोन कंपनीच्या मालकीचा, त्यामुळे नोकरी सुटली की तिन्हींपैकी कुठलाही फोन त्यांना लांबून कोरा करता येतो. नातवाचे फोटो त्यावर ठेवू नका.

प्रेषक: नाटकवाला

नातू कुणाला झाला? आम्हाला पेढे नाहीत?

प्रेषक: लेस्टरच्या काकू

अगं, यूपीआयला भारतातला नंबर लागतोच असं कुठंय? 2023 पासून ब्रिटनसह काही देशांच्या नंबरांवर एनआरई, एनआरओ (म्हणजे अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं यूपीआय सुरू करायला परवानगी आहे. मी आमच्या इथल्याच नंबरावर घेतलंय. मागच्या खेपेला लक्ष्मी रोडवर साड्यांचे पैसे असेच दिले, दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. तू इथला नंबर ठेव आणि तिथला सोडून दे.

प्रेषक: कोथरूडकर

काकू, त्या नोकरीसाठी कायमच्या परतल्या आहेत. आता त्यांना ती खाती निवासी करून घ्यावी लागतात, मग ही सोय संपली. आणि घरमालक, गॅसवाला, सोसायटीचा वॉचमन यांनी काय लेस्टरच्या नंबरावर फोन करायचा?

प्रेषक: लेस्टरच्या काकू

मी कुणाला सोसायटीत राहायला सांगितलं नव्हतं. माहिती दिली.

प्रेषक: सचिव

सर्वांना विनंती, ही ई-मेल यादी मंडळाच्या कामासाठी आहे. वैयक्तिक खरेदीची चर्चा व्हॉट्सॲपवर करावी, असं वार्षिक सभेत ठरलं होतं. (तेव्हा कोण कोण गैरहजर होतं, त्यात जात नाही.)

पण विषय निघालाच आहे तर ताई, तिकडचा नंबर कृपया कुठल्याही परिस्थितीत बंद करू नका. मंडळाच्या खात्याचा ओटीपी अजून त्यावरच येतो. नंबर तुमचा असला तरी ओटीपी मंडळाचा आहे.

प्रेषक: माजी खजिनदार, बाणेर

मग हा मंडळाच्याच कामाचा विषय झाला की! बँकेचा फॉर्म मी निघायच्या आधी भरून दिला होता. नवीन खजिनदारांची सही राहिली म्हणून बँकेने परत पाठवला. तो आता कुणाकडे आहे?

आयटीचं उत्तर आलं: दोन्ही अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल मिळेल. ऑफिसचं सिम साधं, ई-सिम नाही.

प्रेषक: आप्पा

मी फक्त मराठी टायपिंगचं विचारून ठेवा म्हणतो. काही कंपन्या बाहेरचे कीबोर्ड बंद करतात. माझ्या मुलाच्या ऑफिसच्या फोनवर तसंच झालं आणि तो मला रोमन लिपीत "Jevlat ka" असं लिहू लागला. मी उत्तरच देत नाही.

फोन मिळाला की काच तापकीर गल्लीतून लावून घ्या. मॉलमध्ये जाऊ नका.

प्रेषक: नाटकवाला

आप्पा, तुम्हीच आता रोमन लिहिलंत!

प्रेषक: कोथरूडकर

ऑफिसचं सिम साधं असेल तर आयफोन आणि पिक्सेलवर ताईंना इथला नंबर ई-सिमवर न्यावा लागेल. सिम बदललं की 24 तास एसएमएस बंद राहतात. फसवणूक टाळायला केलेला नियम आहे, चांगला आहे. पण त्या दिवशी ओटीपी नाही आणि यूपीआयची नव्याने नोंदणीही नाही, कारण ती त्याच फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवूनच होते. भाडं द्यायच्या दिवशी हा उद्योग करू नये. ए56 मध्ये आहे ते सिम उचलून टाकायचं, काम संपलं.

पिक्सेलला सात वर्षं अपडेट आहेत, ए56 ला सहा. पिक्सेल वायरशिवाय चार्ज होतो, ए56 होत नाही. माझं मत तरीही ए56. ऑफिसच्या फोनवरच्या यूपीआयला मात्र मोठं खातं जोडू नका, भाजी-रिक्षापुरतं वेगळं खातं ठेवा.

प्रेषक: नाटकवाला

आयफोनचा कॅमेरा कुठे आणि बाकीचे कुठे, एवढंच म्हणतो.

प्रेषक: कोथरूडकर

मोटरसायकलच्या जोरदार कंपनांनी आयफोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो, हे खुद्द ॲपलनेच 2021 मध्ये लिहून ठेवलंय. स्कूटरला फोन लावायचाच असेल तर कंपनं शोषणारा स्टँड घ्या, असंही त्यात आहे. पावसाळ्यात बाणेरहून हिंजवडीला स्कूटरवर एकदा या आणि मग कॅमेऱ्याबद्दल बोलू.

प्रेषक: माजी खजिनदार, बाणेर

मी बसने जाते.

ए56 कळवून टाकते. सहा वर्षं काय आणि सात काय, तेवढा काळ ही कंपनी मला ठेवते का ते आधी बघू. त्यात ऑफिसचं सिम आणि इथला नंबर. तिकडचं सिम जुन्या फोनमध्ये घालून घरी कपाटावर ठेवणार. पर्समध्ये नेणार नाही, हे आधीच सांगितलं होतं. म्हणजे फॉर्मचं मार्गी लागेपर्यंत मंडळाला ओटीपी भारतीय वेळेनुसार रात्री नऊनंतर मिळेल, शनिवार-रविवार कधीही. आप्पा, कीबोर्डचं विचारलं, चालतो.

प्रेषक: सचिव

हे मंडळाला गैरसोयीचं आहे, हे नोंदवून ठेवतो. दिवाळीच्या हॉलची अनामत मंगळवारी भरायची आहे.

प्रेषक: नवीन खजिनदार

फॉर्म माझ्याकडे कधी आलाच नव्हता. आज सचिवांच्या गाडीत सतरंज्यांखाली सापडला. सही केली आहे, पण दुसऱ्या पानावर जाणाऱ्या खजिनदारांचीही सही हवी, स्कॅन चालत नाही. ताई, पत्ता पाठवा, कुरिअर करतो.

प्रेषक: लेस्टरच्या काकू

कुरिअर कशाला? माझी जाऊ पुढच्या आठवड्यात पुण्याला निघालीय, औंधला उतरणार. तिच्याकडे दे. आणि येताना तिच्याबरोबर भाजणी पाठव गं.

प्रेषक: सचिव

मंगळवारी रात्री नऊ, म्हणजे इथे दुपारी साडेचार. हॉलचं ऑफिस पाचला बंद होतं. ताई, त्या दिवशी बस वेळेवर पकडा.