पुतळा, सेल्फी, सेव उसळ: मग आम्ही काय अडाणी?

दांडियाबाजारकर
कालची ती पोस्ट वाचली आणि डोकं सणकलं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. वाचली नसेल त्यांच्यासाठी: बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका गृहस्थांनी स्वतःच्या कुटुंबाचं कौतुक केलंय. चौघंजण, प्रत्येकी महिन्याला दोन पुस्तकं, शनिवारी परदेशी सिनेमा, पंधरवड्यातून एकदा फाइन डायनिंग, वर्षाला एक परदेशवारी. इथवर ठीक, करा जलसा. पण शेवट असा: "नाहीतर आपली बडोद्याची मराठी मंडळी! केवडियाला जाऊन सरदार पटेलांच्या पुतळ्याबरोबर सेल्फी, येताना सेव उसळ, झाला यांचा रसास्वाद."

माझे वडील कारकून होते. चार भावंडं, एक सायकल. रविवारी ते मला मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत न्यायचे. तिथल्या लोखंडी कपाटांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, उजेड खालपर्यंत यावा म्हणून. खाली उभं राहून वर पाहिलं की वरच्या माणसाच्या चपला सावलीसारख्या सरकायच्या. पहिलं वर्षभर मी पुस्तकं कमी आणि चपलाच जास्त वाचल्या. पण वाचायची गोडी लागली ती तिथेच. हे आमचं फाइन डायनिंग.

आणि प्रवासाचं म्हणाल तर सयाजीराव महाराजही परदेशात भरपूर फिरले. अमेरिकेतली वाचनालयं बघितली आणि 1910 मध्ये तिथला बोर्डन नावाचा ग्रंथपाल बडोद्यात आणला. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरल्या. तुम्ही काय आणलंत? फ्रिजला चिकटवायचा आयफेल टॉवर.

अलकापुरी 4
पोस्ट माझी. शेवटचं वाक्य गमतीत होतं, पण गंमत कळायलाही थोडं वाचन लागतं.

तुमचे वडील कारकून, तसे माझेही. रावपुऱ्यात दोन खोल्या, सहा माणसं. चाळिशीपर्यंत त्यांनी हॉटेलची पायरी चढली नाही, पैसे नव्हते म्हणून. आईला सत्तराव्या वाढदिवसाला मोठ्या ठिकाणी नेलं. वेटरने पांढरा रुमाल मांडीवर पसरला. तिनं तो उचलला, नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवायला लागली, मळेल म्हणून. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. तेव्हा ठरवलं, माझ्या मुलांना असल्या जागी बिचकायला होता कामा नये. यात माज कुठे आहे?

रावपुरावाली
रुमालाचं वाचून गलबललं. पण मुद्दा राहिला बाजूला. सेव उसळीला नावं ठेवायचं कारण काय? ती आपली आहे. 'उसळ' शब्द आपला, 'तरी' शब्द आपला. गायकवाडांबरोबर आलेल्यांच्या चुलीतून बाहेर पडली ती.

मांजलपूरचा जावई
मी कोल्हापूरचा, बडोद्यात बारा वर्षं. ताई, उसळ म्हणजे मटकी. इथे पांढरा वाटाणा, वर नुसती सेव. फरसाण नाही, काही नाही. आणि तरी गोडसर! ही मिसळीची गुजरातेत दिलेली मुलगी आहे, माहेर विसरलेली.

रावपुरावाली
दादा, तरी वेगळ्या भांड्यात येते, पाहिजे तेवढी ओतून घ्या. घाबरत घाबरत चमचाभर घेतली तर गोडच लागणार. आणि बारा वर्षं इथलं खाऊन नावं ठेवणाऱ्या जावयाला आमच्याकडे दुसरा शब्द आहे.

फतेहगंज
नावावरून मालकी ठरवायची तर लीलो चेवडोही आपलाच म्हणा. 'चिवडा' शब्द कुणाचा? सेव उसळ बडोद्याची. ना तुमची, ना त्यांची. माझा पटेल शेजारी आठवड्यातून तीनदा खातो, त्याला सांगून बघा मराठी पदार्थ आहे म्हणून.

रावपुरावाली
सांगितलंय. तो म्हणाला, "हशे, पण बनावे छे कोण?"

दांडियाबाजारकर
धागा माझा आहे, विसरू नका. तरी पुरे आता.

सिनेमावाला काका
पुस्तकं झाली, खाणं झालं, सिनेमाचं कोण बोलणार? दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि त्या बडोद्यात मराठी सिनेमाचा एकच खेळ, तोही सकाळी सव्वानऊला. गेल्या महिन्यात पाच जण होतो, त्यातले दोघं एसीसाठी आलेले. अलकापुरी 4, तुमच्या शनिवारच्या परदेशी सिनेमात महिन्याला एक मराठी बसवा. मग बोलू रसास्वादावर.

अलकापुरी 4
काका, हे मात्र खरं बोललात. गेल्या वर्षात एकही मराठी बघितला नाही. माझी मुलं घरात मराठी बोलतात, मित्रांशी गुजराती, भांडतात हिंदीत. मराठी पुस्तक दिलं की पान तीनवर अडकतात. महिन्याला दोन पुस्तकं म्हणालो ती सगळी इंग्रजी.

दांडियाबाजारकर
अहो, मग हे पोस्टमध्ये लिहायचं होतं! निम्मे लोक शिव्या द्यायच्या ऐवजी तुमच्या गळ्यात पडून रडले असते. माझा नातूही पान तीनवरच आहे.

डभोई लाइन
केवडियाच्या सेल्फीवाल्यांना हसता, पण तुम्ही सगळेच डभोईवरून भुर्रकन गाडी नेता. 182 मीटरचा पुतळा दिसतो, वाटेतली हिरा भागोळ, म्हणजे डभोईच्या जुन्या कोटाची कोरीव वेस, दिसत नाही. थांबून तिची नक्षी बघा एकदा. आणि 1862 मध्ये डभोई-मियागाम नॅरोगेजची गाडी बैल ओढायचे, हे मुलांना सांगा. माझा जन्म रेल्वे क्वार्टर्समध्ये. आम्हाला प्रवास म्हणजे खिडकीतून हात बाहेर काढून बोरं तोडणं, एवढी हळू गाडी.

मांजलपूरचा जावई
बैलगाडीच म्हणा की मग.

अलकापुरी 4
बरं, हरलो समजा. त्या वाक्यापुरती माफी, बाकी पोस्ट तशीच राहील. रविवारी आईला सेव उसळ खायला आणतो. तिला तिखट झेपेल का?

रावपुरावाली
तरी न घालता द्यायला सांगा. जावयाला देतात तशी.

दांडियाबाजारकर
साडेआठच्या आत या, नंतर उभं राहायला जागा नसते. आणि रुमाल घरूनच आणा, तिथे कागदाचा तुकडा मिळतो. तो आईंनी पर्समध्ये ठेवला तरी चालेल.

डभोई लाइन
माझ्या हिरा भागोळीबद्दल कुणीच काही बोललं नाही.