भारद्वाज हे नाव मुळात दुसऱ्याच पक्ष्याचं! (चर्चा)

बांधावरचा
अंग काळं कुळकुळीत, पंख विटकरी, डोळे लालभडक. कुंपणाच्या कडेकडेने रुबाबात चालतो, झुडपात शिरतो आणि आतून 'कूप कूप कूप' घुमत राहतो. पुण्यामुंबईकडे आणि बहुतेक पुस्तकांत याला भारद्वाज म्हणतात. कोकणात कुक्कुडकोंबा. कुंभारकावळा आणि सोनकावळा हीसुद्धा याचीच नावं.

माझं म्हणणं, भारद्वाज हे नाव संस्कृतातून उसनं आणलंय, आणि तेही चुकीच्या पक्ष्याला लावलंय. अमरकोशात 'व्याघ्राटः स्याद् भरद्वाजः' असं आहे. मोनिअर-विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात या दोन्ही शब्दांचा अर्थ स्कायलार्क दिलाय, म्हणजे आपल्या चंडोलाचा भाऊबंद. व्युत्पत्तीही बघा: वाज म्हणजे बळ, वेग. ते धारण करणारा तो भरद्वाज. चंडोल गात गात सरळ आभाळात चढतो, त्याला हे शोभतं. आमचे हे महाशय या झाडावरून त्या झाडावर जायचं तरी जिवावर आल्यासारखं करतात.

तेव्हा शाळेच्या पुस्तकांत कुक्कुडकोंबा छापा. बोला.

गोडाचा शिरा
माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. अमरकोश सोडा, तिला पंचांगही दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. तरी सकाळी परसात हा दिसला की ती म्हणायची, "भारद्वाज दिसला गं, आज काहीतरी गोड होणार." तिने हे कुठल्या पुस्तकातून उचललं ते सांगा, मग पुढचं बोलू.

बांधावरचा
आजीने पुस्तकातून घेतलं नसेल, कीर्तनातून घेतलं असेल. ऋषीचं नाव आहे म्हणूनच शकुन चांगला. कुक्कुडकोंबा दिसला म्हणून कोण शिरा करतंय?

व्याकरणवाली
बांधावरचे, तुम्ही अमरकोशाचा आधार घेता, पण अमरकोशात पक्ष्याचं वर्णन कुठे आहे? 'व्याघ्राट आणि भरद्वाज एकच' एवढंच तो सांगतो. रंग नाही, आवाज नाही, राहण्याची जागा नाही. स्कायलार्क हा अर्थ कोशकारांनी दिलाय. त्या पक्ष्यावर इंग्रजी कवींचं इतकं प्रेम की इंग्लंडात बसून कोश करणाऱ्याला तोच सुचला तर नवल नाही.

आता 'व्याघ्राट' हा शब्द फोडा. अट् म्हणजे हिंडणं, भटकणं. वाघासारखा हिंडणारा तो व्याघ्राट. चंडोल वाघासारखा कधी चालला? उलट तुमचा कुक्कुडकोंबा बघा. दबकत, पान न वाजवता जमिनीवरून चालतो. सरडे, गोगलगायी, लहान साप, दुसऱ्यांच्या घरट्यांतली अंडी-पिल्लं, काही सोडत नाही. अंगावर तांबूस आणि काळा. वेगाची व्युत्पत्ती तुम्ही चंडोलाला लावलीत, तर चालीची मी याला लावते. व्युत्पत्तीवरून पक्षी ओळखायचा असेल तर निदान दोन्ही शब्दांवरून ओळखा, सोयीचा एकच नको.

बांधावरचा
तांबूस-काळा म्हणून वाघ? मग उद्या मधमाशीलाही व्याघ्राट म्हणाल.

पुराणातली वांगी
तिसरीच बाजू मांडतो. विष्णुपुराणात भरद्वाजाच्या नावाची कथा आहे. ममता आणि बृहस्पती यांचं मूल. आई म्हणते तू सांभाळ, बाप म्हणतो तू सांभाळ: 'भर द्वाजम्', दोघांपासून झालेल्या या पोराला तू पोस. शेवटी दोघंही त्याला टाकून निघून गेले आणि मरुतांनी त्याला वाढवलं. हा पक्षी कोकिळेच्या कुळातला. कोकिळा आपलं अंडं कावळ्याच्या घरट्यात टाकते. टाकलेलं पोर आणि टाकलेलं अंडं! नाव तिथूनच आलं असणार, मला तरी शंका नाही.

झुडपी
शंका घ्या. कूळ कोकिळेचं असलं तरी याचा संसार अगदी वेगळा आहे. हा स्वतः घरटं बांधतो. गर्द झाडोऱ्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा असतो, बाजूने आत शिरायला वाट. अंडी दोघं उबवतात, पिल्लांना दोघं भरवतात. 'तू पोस, तू पोस' ही भानगडच नाही. आणि हे गावात सगळ्यांना माहीत असतं, कारण याच घरट्यात संजीवनी मुळी सापडते अशी समजूत आहे. ज्याला घरटंच नाही त्याच्या घरट्यात मुळी शोधायला कोण जाईल?

चंडोलाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. इंग्रजीत याला कूकल म्हणतात. शब्द फ्रेंचांकडून आलाय. आफ्रिकेतल्या पक्ष्यांवर लिहिणारा फ्रान्स्वा लव्हेयाँ याने कुकू म्हणजे कोकिळ आणि आलुएत म्हणजे चंडोल हे दोन शब्द जोडून तो बनवला असं मानतात. कारण मागच्या बोटाचं नख! ते लांब आणि सरळ असतं, अगदी चंडोलासारखं. शास्त्रीय नाव सेंट्रोपस सायनेन्सिस, त्यातल्या सेंट्रोपसचा अर्थही काटेरी पायाचा. यावरून संस्कृतातही असाच घोळ झाला असेल असं मी म्हणत नाही, लव्हेयाँला अमरकोश कुठला ठाऊक! पण दोन पक्षी इतके वेगळे आहेत की गल्लत होणंच अशक्य, हा सूर मला पटत नाही.

गोडाचा शिरा
वा! म्हणजे बांधावरच्यांचा चंडोल याच्या पायातच निघाला.

बेळगावी
आमच्याकडे कन्नड बोलणारे याला केंभूत म्हणतात, तमिळ-मल्याळममध्ये चेंबोत्त. केम् काय, चेम् काय, अर्थ तांबडा. म्हणजे लोकांनी रंग बघून नाव ठेवलं. आपला कुंभारकावळाही मी तसाच समजतो, भाजलेल्या मडक्याचे पंख आणि कावळ्याचं अंग. पुस्तकात एकच नाव छापायचं तर हे छापा. पोराला पक्षी न दाखवताही निम्मा कळेल.

झुडपी
निम्मा कळेल आणि निम्मा चुकेल. हा कावळा नाही. इंग्रजांनीही याला क्रो-फेझंट म्हणून ठेवलं होतं, सालिम अलींच्या १९४१ च्या पुस्तकातही ते नाव आहे. कावळा नाही, फेझंटही नाही. नव्याने आलेले गोरे शिपाई शिकारीचा पक्षी समजून याला मारत आणि खाताना तोंड वाकडं करत. म्हणून याचं 'ग्रिफचा फेझंट' असंही नाव पडलं. ग्रिफ म्हणजे नवखा.

नुसताच वाचक
आमचं गोत्र भारद्वाज. या पक्ष्याशी नातं लावायचं की चंडोलाशी? सुतक कोणाचं पाळू?

पुराणातली वांगी
प्रवरात आंगिरस, बार्हस्पत्य, भारद्वाज. पक्षी नाही. निवांत जेवा.

बांधावरचा
चेष्टा चालू द्या. व्याघ्राटाचा मुद्दा मजेशीर आहे, पण त्याने फार तर स्कायलार्कवर संशय येतो. हाच तो पक्षी, हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि कुक्कुडकोंबा हा शब्द तर त्याच्या आवाजातूनच आलेला दिसतो. पक्ष्याने स्वतः सांगितलेलं नाव बाजूला ठेवून ऋषीचं कशाला चिकटवायचं? 'प्रमाण' म्हटलं की आपल्याला संस्कृतच का आठवतं, हा माझा खरा राग आहे.

व्याकरणवाली
राग समजला. कुक्कुडकोंबा जरूर छापा, मी आडवी येणार नाही. पण 'चुकीचा पक्षी' हे मागे घ्या. तुमच्या हिशोबाने हे नाव चंडोलाचं. मग चंडोलाकडे बोट दाखवून भारद्वाज म्हणणारा एक तरी मराठी माणूस दाखवा, कुठल्याही तालुक्यातला.