पहिल्या थायलंड सहलीत पटायाला दोन रात्री द्याव्यात का?

दर्यावर्दी (धागाकर्ता):
मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या पॅकेजांत 'पटाया दोन रात्री, बँकॉक दोन रात्री' हा साचा वर्षानुवर्षं चालत आलाय. हल्ली मात्र उलटा सल्ला जोरात मिळतो: कुटुंब बरोबर असेल तर पटाया गाळा, सरळ दक्षिणेतलं, बेटांसाठी प्रसिद्ध क्राबी गाठा. माझं मत वेगळं आहे. गाळायचंच तर पॅकेज गाळा, पटाया ठेवा.

पॅकेजवाल्यांचा पटायासमोरच्या को लान बेटाचा, म्हणजे 'कोरल आयलंड'चा दिवस कसा जातो ते पाहा. सकाळी पटायाच्या बाली हाय धक्क्यावरून स्पीडबोट निघते. वाटेत भर समुद्रातल्या तरंगत्या फलाटावर पॅरासेलिंग विकायला तासभर थांबवतात. मग तावेन या सगळ्यात गर्दीच्या किनाऱ्यावर तास-दीड तास मिळतो. परत येऊन भारतीय जेवण, नंतर रत्नांच्या शोरूमला सक्तीची फेरी आणि संध्याकाळी तृतीयपंथी कलाकारांचा नाचगाण्याचा शो. एवढ्यावर पटाया वाईट ठरवणं अन्याय आहे.

त्याच धक्क्यावरून साधी फेरीबोट सुटते. तिकीट ३० बाट, वेळ पाऊण तास. नाबान धक्क्याची बोट पकडा. नाबान हे बेटावरचं गाव आहे, तिथून सामाए किंवा तिएन किनाऱ्याला सामायिक गाड्या मिळतात. सकाळी सात-आठची बोट घेतली तर अकरापर्यंत पाणी स्वच्छ आणि किनारा बऱ्यापैकी मोकळा असतो. स्पीडबोटींची झुंड त्यानंतर येते. शनिवार-रविवार टाळा, तेव्हा बँकॉकचे लोकही येतात. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या धक्क्यावरच्या फलकावर बघून ठेवा. ती चुकली तर स्पीडबोटवाला सांगेल ते भाडं.

कोरडी वाळू:
पॅकेजवर केलेली टीका मान्य. पण तुमचा सगळा युक्तिवाद को लानवर उभा आहे. म्हणजे पटायाचा स्वतःचा किनारा पोहण्यालायक नाही हे तुम्हीही धरूनच चालता.

तो किनारा जेमतेम पावणेतीन किलोमीटरचा. धुपून इतका अरुंद झाला होता की बाहेरून वाळू आणून रुंद करावा लागला, आणि मोठा पाऊस पडला की रस्त्यावरचं पाणी ती भरलेली वाळूच कापत समुद्रात उतरतं. पाणी गढूळ, जवळच जेटस्कींची घरघर. मुलांना समुद्र दाखवायला विमानाचं तिकीट काढून न्यायचं आणि तिथे पुन्हा बोटीने दुसरीकडे न्यायचं, हे मला पटत नाही. आजूबाजूचंच काही हवं असेल तर को सामेत बेट घ्या. पटायाहून रस्त्याने तास-सव्वा तासावर बान फे धक्का, तिथून अर्ध्या-पाऊण तासाची बोट. राष्ट्रीय उद्यानाचे परदेशी प्रौढांना २०० बाट पडतात, पण वाळू खरोखर पांढरी आहे.

दर्यावर्दी:
सामेत सुंदर आहे, वाद नाही. पण बरोबर सत्तरीतले आजी-आजोबा असतील तर? पटायात मोठी खासगी रुग्णालयं आहेत, रात्रभर उघडी औषधांची दुकानं आहेत, लिफ्टची हॉटेलं आहेत. सामेतवर रात्री काही झालं तर आधी समुद्र ओलांडायचा.

शिवाय पटाया म्हणजे फक्त बीच रोड नाही. दक्षिणेला जोमतिएन आहे, सहाएक किलोमीटरचा किनारा. त्याच्या उत्तर टोकाला दोंगतानला झाडांची सावली आणि वाहनांपासून मोकळी चालायची वाट आहे. समुद्रात तरंगते बोये लावून पोहण्याची हद्द आखलेली असते, मुलांना तिच्या आतच ठेवायचं. कुटुंबाने राहायचं जोमतिएनला किंवा उत्तरेला नाक्लुआला. मध्य पटायात हॉटेल घेऊन आवाजाची तक्रार करणारे जागाच चुकीची निवडतात.

चार पावलं:
महिन्याचा विचार कोणीच करत नाहीये. आपल्याकडची कुटुंबं जातात मेच्या सुट्टीत नाहीतर दिवाळीत. मेच्या मध्यापासून अंदमान समुद्राच्या बाजूला, म्हणजे क्राबी-फुकेतला, नैऋत्य मोसमी वारे धडकतात. समुद्र खवळतो, बेटांच्या सहली रद्द होतात, सिमिलान बेटं तर १६ मेपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. पटाया थायलंडच्या आखातावर आहे, तिथे मेमध्ये बहुधा संध्याकाळची एखादी सर. उकाडा मात्र जबरदस्त. दिवाळी ऑक्टोबरमध्ये असेल तर गणित उलटतं: सप्टेंबर-ऑक्टोबर हे पटायाचे सर्वांत ओले महिने, सुखुमवित रस्त्यावर आणि रेल्वेलगतच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पटाया आणि क्राबी, दोन्हीकडे उत्तम.

क्रमही नीट ठरवा. सुवर्णभूमी विमानतळ बँकॉकच्या पूर्वेला, म्हणजे पटायाच्याच वाटेवर आहे. आधी बँकॉकला जाऊन मग पटायाला येण्यात उतरल्या उतरल्या शहराची कोंडी भोगावी लागते. उतरल्यावर सरळ पटाया, शेवटचे दिवस बँकॉक. विमानतळाच्या तळमजल्यावर ८ क्रमांकाच्या दाराजवळून जोमतिएनची ३८९ क्रमांकाची बस सुटते. भाडं दीडशे बाटच्या आत, वेळ सुमारे दोन तास. चौघं आणि सामान असेल तर आधी ठरवलेली गाडीच सोयीची.

गावात फिरायला सोंगथ्याव, म्हणजे मागे दोन बाकडी असलेल्या निळ्या गाड्या. बीच रोड उत्तरेकडून दक्षिणेला एकेरी, सेकंड रोड दक्षिणेकडून उत्तरेला एकेरी; हा चौकोन कळला की नकाशा लागत नाही. हात दाखवा, चढा, उतरायचं तिथे छतावरची घंटा दाबा, उतरून चालकाला सुटे पैसे द्या. ठरलेल्या मार्गावर माणशी १० ते २० बाट. चढण्याआधी "अमुक ठिकाणी किती घेणार?" असं विचारलंत की ती भाड्याची स्वतंत्र गाडी होते आणि आकडा थेट शंभर-दोनशेवर जातो. जोमतिएनच्या गाड्या साउथ पटाया रोड आणि सेकंड रोडच्या कोपऱ्यावर, वाट चाई मोंगखोन या मंदिराजवळ भरतात.

उंबरठा:
मूळ प्रश्न कोणी घेत नाहीये, म्हणून मी घेते. कुटुंबं पटाया टाळतात ती समुद्रामुळे नव्हे, रात्रीच्या धंद्यामुळे. थायलंडमध्ये वेश्याव्यवसाय कायद्याने गुन्हा आहे, तरी बार-क्लबांच्या वॉकिंग स्ट्रीटवर आणि बीच रोडच्या झाडांखाली तो उघड चालतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन रात्री नऊनंतर तिथून जायचं का, हा प्रश्न खरा आहे. त्याला "जोमतिएनला राहा" हे अर्धंच उत्तर आहे. को लानची बोट त्याच टोकाहून सुटते, शो मध्य पटायात असतात, परत यायला रात्र होते.

आपल्याकडच्या पुरुषांच्या टोळक्यांबद्दलही बोलायला हवं. रस्त्यावर उभ्या बायकांचे न विचारता व्हिडिओ काढणं, शो संपल्यावर बाहेर उभ्या राहणाऱ्या तृतीयपंथी कलाकारांच्या अंगाला हात लावणं, फोटो काढून टिप न देता सटकणं. तिथे फोटोमागे शंभर बाटच्या आसपास देण्याची रीत आहे. द्यायचे नसतील तर फोटो काढू नका. याची किंमत नंतर येणाऱ्या प्रत्येक भारतीय कुटुंबाला मोजावी लागते.

दर्यावर्दी:
उंबरठा, मुद्दा पूर्ण मान्य. म्हणूनच रात्रीचा शो घेऊच नये असं मी म्हणेन; संध्याकाळ नाक्लुआला घालवा. लान फो बाजारात मासळी, कोळंबी, खेकडे वजनावर घ्यायचे, शेजारीच थोड्या पैशात भाजून मिळतात, आणि समुद्राकाठच्या बागेत बसून खायचं. स्थानिक कुटुंबंही तेच करतात. त्याआधी दुपारी सत्याचं मंदिर, तेही नाक्लुआलाच. १९८१पासून बांधकाम चालू असलेली, शंभर मीटरहून उंच, आतबाहेर कोरीव लाकडाची वास्तू. ब्रह्मा-विष्णू-महेशापासून बुद्धापर्यंत मूर्ती. काम चालू असल्याने डोक्यावर शिरस्त्राण देतात, गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, तिकीट पाचशे बाटच्या आसपास. दोन तास ठेवा.

फोडणी:
शाकाहाऱ्यांची सोय हे माझ्या लेखी पटायाच्या बाजूचं सगळ्यात भक्कम कारण. भारतीय जेवण इथे गल्लोगल्ली मिळतं, जैन थाळीसुद्धा. क्राबीच्या बेटांवर इतके पर्याय नाहीत. थाई जेवण खायचं असेल तर नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. भाजीत ऑयस्टर (कालवांचा) सॉस, कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, सोम तममध्ये, सुकी कोळंबी, जवळपास सगळ्यात माशाचं पाणी, म्हणजे फिश सॉस. "माई साई नाम प्ला" म्हणजे माशाचं पाणी नको. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात 'जे' लिहिलेलं दिसलं तर तिथे मांस, मासे, अंडं, दूध, कांदा, लसूण काहीच नसतं. बटाटा-गाजर असू शकतं, जैनांनी तेवढं विचारावं.

कोरडी वाळू:
जेवणाचा मुद्दा मान्य. पण फसवणुकीचं काय? जेटस्की परत केली की जुनाच ओरखडा दाखवून हजारो बाट मागायचे, हा प्रकार पटायात इतका मुरलाय की कुटुंबाने जेटस्कीला हातच लावू नये.

घ्यायचीच असेल तर चालकासमोर चारही बाजू आणि तळाचा व्हिडिओ काढा, आणि अंगावर आलेच तर किनाऱ्यावर वाटाघाटी न करता ११५५ या पर्यटक पोलिसांच्या क्रमांकावर फोन करा. भाड्याची स्कूटर त्याहून धोक्याची. पासपोर्ट तारण म्हणून ठेवू नका, रोख अनामत द्या. आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना हवा आणि त्यात दुचाकीचा शिक्का हवा. चारचाकीच्या परवान्यावर स्कूटर चालवून पडलात तर प्रवासविमा दावा नाकारू शकतो. ई-सिगारेट थायलंडमध्ये बंदी असलेली वस्तू आहे, बॅगेतही नेऊ नका. किनाऱ्यावर साधी सिगारेटही चालत नाही, दंडाची कमाल रक्कम एक लाख बाट.

चार पावलं:
पैशाचं एक राहिलं. एटीएममधून प्रत्येक वेळी २०० बाटहून जास्त शुल्क कापलं जातं, म्हणून थोडे थोडे काढू नका. मशीनने "तुमच्या चलनात रूपांतर करू का?" विचारलं तर नाही म्हणा. विमानतळावर बाहेर पडतानाच्या खिडक्यांपेक्षा तळघरात, रेल्वेच्या प्रवेशाजवळ, दर चांगला मिळतो. आगमनाचं डिजिटल कार्ड १ मे २०२५पासून सक्तीचं आहे, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत.

कोरडी वाळू:
ठीक. माझा हिशोब असा: एकूण पाच दिवस असतील तर बँकॉकमध्येच राहा, पटाया नको. दोन रात्रींसाठी जाण्या-येण्यात, सामान बांधण्या-सोडण्यात एक अख्खा दिवस जातो. सात दिवस आणि मे महिना असेल, तर पहिल्या दोन रात्री जोमतिएन.

दर्यावर्दी:
पाच दिवसांतही मी दोन रात्री देईन, उतरल्या उतरल्या सरळ गेलात तर तो दिवस वाया जात नाही. आणि एप्रिलमध्ये जाणाऱ्यांसाठी: सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा पाणी उडवण्याचा सण, देशभर १३ ते १५ एप्रिलला असतो, पटायात मात्र १९ तारखेपर्यंत पाणी उडतं आणि शेवटचा दिवस सर्वांत मोठा. त्या दिवशी बीच रोड बंद असतो, विमानतळाची गाडी सकाळी लवकरची ठरवा आणि पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.