जुंजी इतो कोणाला वाचून घडला?

भुसावळवाला:
मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. रात्री चित्रं काढतो, भयकॉमिक लिहायचा विचार आहे. जपानचा भयकॉमिकवाला जुंजी इतोही आधी डेंटल टेक्निशियन होता म्हणे. त्याच्यावर कोणाचा प्रभाव? आधी काय वाचू? इंग्रजी चालेल.

रावेरची ताई:
खरं आहे भाऊ. जन्म 1963 चा, गिफू प्रांतातला. मोठ्या बहिणी वाचायच्या त्या मासिकांतून काझुओ उमेझु आणि शिन्इची कोगा हे भयकॉमिकवाले त्याच्या हाती लागले. पुढे भयकॉमिकवालाच हिदेशी हिनो, अमेरिकन भयकथालेखक लवक्राफ्ट, जपानी विज्ञानकथालेखक त्सुत्सुई. 1987 मध्ये त्याने 'तोमिए' ही कॉमिक-कथा स्पर्धेला पाठवली. स्पर्धा उमेझुच्या नावाची, परीक्षकांत स्वतः उमेझु! पहिला नंबर नाही आला, नुसता उल्लेख झाला. पण तिथूनच गाडी सुरू झाली. नोकरी मात्र नंतरही काही वर्षं केली, तेव्हा तुम्ही राजीनाम्याची घाई करू नका.

तोमिए ही मुलगी. तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यातून अख्खी तोमिए उगवते. आमच्याकडे केळीचा घड उतरला की खोड कापतात, अन् त्याच कंदातून पील वर येतं, तीच केळ. ती गोष्ट वाचल्यापासून मी अंधार पडल्यावर बागेत एकटी जात नाही, घरचे हसतात.

अमळनेरकर:
उमेझुचं 'ड्रिफ्टिंग क्लासरूम' (1972-74) आधी घ्या. अख्खी शाळा पोरांसकट उजाड जगात जाऊन पडते. पोरांइतकीच मोठी माणसंही बिथरतात, तिथे खरी धास्ती. हिनो जेवण झाल्यावर लगेच वाचू नका भो.

भुसावळवाला:
धन्यवाद! पण मला आपल्या भागातलंच लिहायचंय. हडळ, मुंजा घेऊ का?

रावेरची ताई:
घ्या, पण इतोकडून शिकायचं ते वेगळंच. 'उझुमाकी'त (1998-99) पांढऱ्या साडीतलं कोणी नाही, नुसता वळसा आहे. आधी एक माणूस वळशांच्या वस्तू जमवतो. मग स्मशानाचा धूर वळतो, पोरीचे केस वळतात, शेवटी गावच. एकच साधी वस्तू धरायची आणि सोडायचीच नाही. 2019 मध्ये त्याच्या 'फ्रँकेनस्टाईन'ला आयस्नर हा अमेरिकेतला कॉमिकचा मोठा पुरस्कार मिळाला, तरी मला 'उझुमाकी'च भारी वाटतं. तुमच्याकडे कवळ्या आहेत की, मुंजा कशाला?

भुसावळवाला:
लॅबमध्ये कोणी न्यायलाच न आलेल्या कवळ्यांचा एक खोका आहे ताई. त्याच्यावरच बसतो आता. हिनोचं इंग्रजीत कोणाकडे असेल तर सांगा, जळगावला येऊन घेऊन जाईन.