बेपत्ता, गायब, लुप्त: समुद्रावर हरवलेल्या जहाजासाठी नेमका शब्द कोणता?

एका लेखाचं मुद्रितशोधन करतोय. विषय आहे समुद्रावर नाहीशी झालेली जहाजं आणि विमानं. एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून लेखकाने एका परिच्छेदात तीन वापरलेत. १९१८ मध्ये ३०६ माणसांसह गेलेलं 'सायक्लॉप्स' हे अमेरिकन जहाज 'बेपत्ता झालं', अमेरिकन नौदलाच्या फ्लाइट १९ या तुकडीची विमानं 'गायब झाली' आणि 'वैतरणा' आगबोटीने 'जलसमाधी घेतली'. वाचताना खटकतंय, पण नेमकं बोट ठेवता येत नाही. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

—

खटकलं ते बहुधा 'घेतली'. समाधी घेणारा आपण होऊन घेतो. वैतरणा नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली, सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडली आणि सातशेहून अधिक माणसांसह गेली. (बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत.) यात तिने काय घेतलं? 'जलसमाधी मिळाली' त्यातल्या त्यात बरं. मी असतो तर सरळ 'बुडाली' लिहिलं असतं.

—

बेपत्ता आणि गायब यांत मला मोठा फरक दिसतो.

'बेपत्ता' म्हणजे फारसी 'बे' अधिक आपला 'पत्ता'. हा शब्द जहाजाचं काय झालं ते सांगतच नाही, आपल्याला काय ठाऊक नाही तेवढंच सांगतो. एमएच ३७० चं उदाहरण घ्या. ८ मार्च २०१४ ला क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं बोइंग ७७७, आत २३९ माणसं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये त्याच्या पंखाचा एक भाग रीयुनियन बेटावर वाहत आला. म्हणजे विमान हिंदी महासागरात पडलं याबद्दल शंका उरली नाही. तरी ते बेपत्ताच आहे, कारण कुठे पडलं ते माहीत नाही. त्याला 'गायब' म्हणाल तर वाहत आलेल्या तुकड्याचं काय करायचं?

गंमत म्हणजे अरबीत 'गायब' इतका भारी शब्द नाही. 'हाजिर'च्या उलट तो गायब, म्हणजे नुसता गैरहजर. फारसी-उर्दू व्याकरणात तृतीय पुरुषालाही गायब म्हणतात: बोलणारा आणि ऐकणारा सोडून जो तिथे नाही तो. मराठीत मात्र तो 'गैबी'च्या शेजारी जाऊन बसला, जादूगाराच्या रुमालाखाली शिरला. आता 'गायब झालं' म्हटलं की कुणीतरी केलं असा वास येतो.

—

आणि 'गडप'? मला तर तोच आवडतो. विमान ढगात गडप झालं.

—

गडप करणे म्हणजे गिळणे. ललित लेखात खुशाल वापरा, पण अहवालाच्या सुरात समुद्राला तोंड फुटायला नको. 'गहाळ' तर मुळीच नको. जहाज गहाळ झालं म्हटलं की ते कारकुनाच्या टेबलावरून घरंगळलं असं वाटतं.

—

'लुप्त'चा कुणी विचार का करत नाही? पाणिनीने लोपाची व्याख्याच 'अदर्शनं लोपः' अशी केली आहे. दिसत नाही, एवढंच. नष्ट झालं असं तो म्हणत नाही. उलट पुढे सांगतो की प्रत्ययाचा लोप झाला तरी त्यामुळे होणारं कार्य होतंच. एमएच ३७० रडारवरून नाहीसं झाल्यावरही त्याचं उपग्रहाशी होणारं यांत्रिक संदेशांचं देवघेव सकाळी आठनंतरपर्यंत चालू होतं, आणि शोध कुठे घ्यायचा हे त्यावरूनच ठरलं. प्रत्यय दिसेना, कार्य चालू! याहून नेमका शब्द कुठे मिळेल?

—

पाणिनीपुढे नमस्कार. पण आजच्या वाचकाला लुप्त म्हणजे सरस्वती नदी किंवा शेवटचा बोलणारा गेलेली भाषा. जहाजाची जात नामशेष झाली असं वाटेल त्याला.

—

लेखात 'मेरी सेलेस्ट' आहे का? असेल तर तिथला कर्ता तपासा. हे जहाज 'गूढरीत्या नाहीसं झालं' असं सर्रास छापलं जातं. ते नाहीसं झालंच नव्हतं. डिसेंबर १८७२ मध्ये अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान ते तरंगताना दुसऱ्या जहाजाला सापडलं. नाहीशी झाली ती माणसं: कप्तान ब्रिग्ज, त्याची बायको, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी. जहाजावरची होडीही नव्हती. म्हणजे माणसं बेपत्ता आणि जहाज बेवारस. 'बेवारस' इथे अगदी चपखल, कारण सोडवून आणल्याच्या मोबदल्यासाठी जिब्राल्टरच्या न्यायालयात दावा चालला.

—

आहे, आणि चूकही तीच आहे! आणखी एक अडचण. लेखात लंडनच्या लॉइड्स विमाबाजारातली ल्यूटीन घंटा आलीय. पूर्वी जहाज बुडाल्याची बातमी आली तर तिचा एक टोला पडे, येऊन पोचलं तर दोन. तिथे जहाज थेट बेपत्ता ठरत नसे, आधी 'ओव्हरड्यू' म्हणत. लेखकाने 'थकीत जहाज' लिहिलंय.

—

थकीत कर्ज असतं हो! 'वेळ टळलेलं जहाज' करा. विमानांसाठीही अशाच पायऱ्या आहेत: आधी अनिश्चितता, मग सावधतेचा इशारा, मग संकट. आपल्याकडे मात्र संपर्क तुटल्याच्या पहिल्या तासातच 'विमान बेपत्ता' असा मथळा येतो. तेव्हा 'संपर्क तुटला' हेच खरं असतं.

—

'गूढ'बद्दलही बोलायला हवं. तो गुह् धातूपासून आला, 'गुहा'ही तिथलीच. अर्थ झाकलेलं. ५ डिसेंबर १९४५ ला फ्लोरिडाहून निघालेल्या फ्लाइट १९ मध्ये पाच विमानं होती, चौदा माणसं. प्रमुख वैमानिकाला होकायंत्रं बिघडल्यासारखी वाटली, आपण भलत्याच बेटांवर आहोत असा त्याचा समज झाला. पुढे अंधार, खवळलेला समुद्र आणि संपत आलेलं इंधन. घडलं काय याचा अंदाज बांधता येतो. झाकलेली आहे ती जागा. पण नौदलाने शेवटी नोंद केली ती 'कारण अज्ञात' अशी, आणि १९६४ मध्ये 'बर्म्युडा त्रिकोण' हे नाव छापून आल्यावर त्या कोरड्या नोंदीचं 'गूढ' झालं. पुढे 'रहस्य'. रहस्य म्हणजे कुणाला तरी ठाऊक असलेली गोष्ट, ती लपवणारा कुणीतरी लागतो.

—

मग माझी शिफारस 'थांगपत्ता'. थांग म्हणजे पाण्याचा तळ, म्हणून तर समुद्र अथांग. 'मागमूस' जमिनीवरचा, पाण्यावर माग उरत नाही. २२ जुलै २०१६ ला चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालं, २९ जणांसह. साडेसात वर्षांनी एका स्वयंचलित पाणबुडी यंत्राने त्याच्या अवशेषांची छायाचित्रं घेतली, सुमारे ३,४०० मीटर खोलीवर. थांग लागला तो असा अक्षरशः. फक्त 'थांगपत्ता लागला नाही' असं लिहू नका, 'लागलेला नाही' लिहा.

—

'लागला नाही' चार ठिकाणी आहे. तीन बदलतो. वैतरणेच्या वाक्यातलं काय करू? सव्वाशेहून जास्त वर्षं झाली तिला.

—

तिथेही 'लागलेला नाही'च.