मदत हवी आहे: क्रूझ मुंबईत थांबेल तेवढ्या वेळात घारापुरी होईल का?

मंडळी, मावशी आणि काका क्रूझने येतायत, बोट सकाळी 8 ला बॅलार्ड पियरला लागणार आणि संध्याकाळी 5 च्या आत परत चढायचंय. क्रूझवाल्यांची टूर घ्यायची नाहीये, भाव ऐकूनच काका उडाले, म्हणून मीच त्यांना गेटवेवरून लाँचने घारापुरीला नेणार आहे. वार रविवार आहे, म्हणजे सोमवारी लेणी बंद असतात ती कटकट नाही, पण गर्दी मरणाची असणार.

जायला तासभर, यायला तासभर, वर जेट्टीपासून चालणं आणि त्या शंभरेक पायऱ्या. मावशीचे गुडघे दुखतात, तर डोली सहज मिळते का आणि आधी भाव ठरवून घ्यावा का? खरी धाकधूक परतीची आहे, कारण आपल्या आपण गेलं तर क्रूझ कोणासाठी थांबत नाही. दुपारी 1 ची लाँच पकडायची म्हटलं तर जेट्टीवर किती आधी यावं, रविवारी रांग असते ना?

मांडव्याचा पण विचार होता, तिथे पायऱ्या नाहीत, पण नुसती जेट्टी बघून काय करणार! हल्ली कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा.